तर

मोंतीच्या फेस्ताहून परतणारी होडी
कर्लीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर उलटली.
पोरांच्या हातात भाताची नवी कणसं होती, मंतरलेलं पाणी शिंपडलेली.
ती आधी तरंगत काठाला आली.
मग पोरं आली, एकेक,
धाकू कुबलाच्या काखेतून.
चार खेपा. चार पोरं.
पाचव्यांदा तो कुणासाठी वळला
ते देवबागात अजून कुणाला कळलेलं नाही.
होडीत चारच होती.

रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात
सांतानच्या ब्रिजितनं हात वर केला.
'मास्तर, धाकूबाबा सर्गात गेलो?'

एकतीस वर्षं मी शिकवतो.
तेरावा पाठ, तारण. प्रश्न छापील, उत्तरं छापील,
उत्तरांखाली माझ्याच पेन्सिलीच्या रेघा.
धाकू वेताळाला नारळ द्यायचा,
होडीच्या नाळेला हळदकुंकू लावायचा,
आमच्या क्रुसापुढून जाताना मात्र
बिडी विझवून कानावर ठेवायचा.
एवढ्याचं काय होतं, हे शास्त्रात नाही.

'माका म्हाइत नाय,' मी म्हटलं.
बाकांवरची पोरं माझ्याकडे बघत राहिली,
मास्तरांचं धोतर सुटल्यासारखी.

रात्री पानं उलटली.
एका पानावर दार अरुंद.
दुसऱ्यावर मेजवानी, आणि रस्त्यावरून
ओढून आणलेली वाटेल ती माणसं.
दोन्ही पानं एकाच दोऱ्यानं शिवलेली.
जर पुष्कळ आहेत. तर पुष्कळ आहेत.
पोहता पोहता ज्याचा श्वास संपला
त्याचं वाक्य मात्र कुणी पुरं केलेलं नाही.

फादर ऑल्विनना विचारलं.
'शिकवण अशी आहे की,' ते म्हणाले,
आणि कपावर साय धरेपर्यंत
खिडकीतून सुरुंच्या बनाकडे बघत बसले.
त्यांच्याविषयी मला आदर वाटला, पहिल्यांदाच.

सोसायटीत मात्र तारण म्हणजे काय हे स्पष्ट आहे :
धाकूची होडी, मुलीच्या लग्नापायी, अठ्ठावीस हजार.
हप्ते आता भालू भरतो.
त्याच्याच तरीतून मी कोरजाईला निघालो.
भालू बांबू टेकवत होता, काढत होता.
मग खाडीच्या मध्यावर बांबू हातभर बुडाला,
पुरता बुडाला, आणि त्यानं तो आडवा ठेवून दिला.
'लागणा नाय?' मी विचारलं.
'नाय.'
'भिया नाय वाटना?'
तो हसला, बापासारखा, एका गालानं.
'होडी रुतता ती उथळात, मास्तर.'

एकतीस वर्षं मी बांबू टेकवत आलो.
जिथं टेकला तिथं म्हटलं, हा बघा देव.

देवा, धाकू तुझ्यापाशी आहे
असं मी वर्गात सांगणार नाही. मला ते दिसलेलं नाही.
नाही, असंही सांगणार नाही.
भीतीनं असेल, घाईनं असेल,
त्याला चार पोरं मोजता आली नाहीत.
तुझं मोजणं चुकत नसावं, एवढ्यावर मी टेकलोय,
आणि कधी कधी रात्री तेही हलतं.
पाचव्या खेपेला तो कुणाला आणायला गेला
ते तुला ठाऊक.
त्याला आणायला कोण गेलं
तेही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला मृतांची मिस्सा.
पेटीतून चिठ्ठ्या काढून फादर नावं वाचत होते.
फर्नांडिस कायतान. डिसोजा रुझाय.
मग एक चौकटीच्या वहीचा कागद,
त्यावर 'धाकु कुबल', कु ऱ्हस्व, काना वाकडा.
फादरनी चष्मा काढला, सुताननं पुसला, पुन्हा लावला.
बाकांवर कुणी खोकलंसुद्धा नाही.
दाराबाहेर चपला हातात घेऊन भालू उभा होता,
त्याला आत या म्हणायचं मला सुचलं नाही.

फादरनी नाव वाचलं.
दोन नावांमध्ये ते एक श्वास घेतात.
त्या दिवशी दोन घेतले,
मग पुढची चिठ्ठी.